क्रियापद दुसऱ्या डब्यात

साठी उलटल्यावर परकी भाषा शिकणं ही नेरूळमध्ये आता नवलाई राहिलेली नाही. सकाळी पामबीच रस्त्याच्या कडेनं फेरी मारताना जरा कान उघडे ठेवावेत. एक आजोबा जर्मन आकडे घोकत चाललेले असतात. त्यांच्या मागून येणाऱ्या काकू कानात बोंडं खुपसून कुणाला तरी डचमध्ये शुभेच्छा देत असतात. या व्यासंगामागं ज्ञानलालसा वगैरे काही नसते. नातवंडं असतात. जावयाशी, सुनेशी इंग्रजीत निभावून नेता येतं. पण नातू खेळता खेळता स्वतःशीच कोणत्या भाषेत पुटपुटतो, हे एकदा फोनवर ऐकू आलं की आजी-आजोबांना शाळेत नाव घालावंच लागतं.

आमच्या वाट्याला नॉर्वेजियन आली. लेक-जावई स्टावांगरला असतात. सार्डिन मासे डब्यांत भरण्याबद्दल प्रसिद्ध असलेलं हे बंदर. 1969 साली उत्तर समुद्रात एकोफिस्कला तेल सापडलं आणि डब्यांचं गाव पिंपांचं झालं. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. हे हार्बर लाइनवर गार्ड होते. रेल्वे आता त्यांना ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणते, पण आमच्या घरात मॅनेजरची जागा आधीच भरलेली असल्यामुळं ते गार्डच राहिले. नॉर्वेजियन शिकायचं ठरलं तेव्हा यांनी जाहीर केलं, ‘‘तू शीक. मी ऐकून घेतो.’’ संसारातही कामाची वाटणी साधारण अशीच होती.

नॉर्वेजियन शिकणाऱ्याला आधी फार बरे दिवस येतात. मराठी क्रियापद शिकवण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला तर स्वर्ग दोन बोटं उरतो. आपल्याकडे मी येतो, मी येते, तू येतोस, तू येतेस, ती येते, तुम्ही येता, ते येतात. नॉर्वेजियनमध्ये या सगळ्यांना मिळून एकच ‘कॉमर’. बाई असो, बुवा असो, एक असो, वऱ्हाड असो, सगळे ‘कॉमर’. आपलं क्रियापद कर्त्याच्या तोंडाकडे बघतं, आणि कर्त्याला ‘ने’ लागला की कर्माकडे वळतं. रामानं आंबा खाल्ला, पण कैरी खाल्ली. खाणारा तोच, दातही तेच, तरी फळाच्या लिंगाप्रमाणं क्रियापद बदलणार. मोरो केशव दामल्यांनी 1911 साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहिलं, त्यातलं प्रयोगांचं प्रकरण उघडलं की आजही भल्याभल्यांना घाम फुटतो. नॉर्वेजियनमध्ये कर्तरी-कर्मणी-भावे असला त्रिफळा नाही. क्रियापद कुणाचीच भीड ठेवत नाही.

पण ते आपली जागा सोडत नाही. नॉर्वेजियनच्या सगळ्या खाचाखोचा या एका हट्टात साठवलेल्या आहेत. साध्या विधानात क्रियापद दुसऱ्या जागेवर बसणार, म्हणजे बसणार.

‘यॅय स्पीसर फिस्क ई दाग’, म्हणजे मी आज मासे खाते. ‘यॅय’ मी, ‘स्पीसर’ खाते, ‘फिस्क’ मासे, ‘ई दाग’ आज. इथवर इंग्रजीसारखंच. आता ‘आज’वर जोर द्यायचा म्हणून त्याला पुढं आणलं, तर मराठी जिभेवर आपसूक येतं ते ‘आज मी’. नॉर्वेजियनमध्ये ते चालत नाही. ‘ई दाग स्पीसर यॅय फिस्क’ असंच म्हणायचं. आज पुढं आला, खाते जागची हलली नाही, आणि मी उठून मागं गेले. माशांना पुढं आणलं तरी तेच. ‘फिस्क स्पीसर यॅय ई दाग.’ पहिल्या जागेवर कुणीही बसावं. वेळ बसेल, स्थळ बसेल, मासा बसेल. फक्त एकानंच बसावं.

हे मी यांना समजावून सांगत होते. हे चहा पीत होते. बशी खाली ठेवून म्हणाले, ‘‘म्हणजे यांचा गार्ड दुसऱ्या डब्यात बसतो.’’

चाळीसेक वर्षांच्या संसारात यांनी व्याकरणावर केलेलं हे पहिलंच भाष्य, आणि ते इतकं नेमकं निघालं की मी वहीत लिहून घेतलं. मराठी वाक्याचा गार्ड शेवटच्या डब्यात. कर्ता, कर्म, विशेषणं, क्रियाविशेषणं, सगळी मंडळी चढून बसतात, आणि सर्वांत मागं क्रियापद घंटी देतं, तेव्हा कुठं वाक्याची गाडी हलते. त्याआधी कोण, कुणाला, कुठं, कशानं, सगळं कळलेलं असतं. नेमकं काय केलं तेवढं कळलेलं नसतं. नॉर्वेजियन वाक्यात पहिला डबा जनरल, दुसऱ्यात गार्ड, आणि उरलेल्या गर्दीनं त्याच्या मागं उभं राहायचं. हो-नाही उत्तराचा प्रश्न विचारायचा झाला की ‘स्पीसर दू फिस्क?’ खातोस का तू मासे? इथं पहिला डबाच काढून टाकलेला. सीएसएमटीला पोचलेली गाडी परत फिरते तेव्हा शेवटचा डबा पहिला होतो, तसा गार्ड एकदम तोंडाशी.

एक पोटकलम लक्षात ठेवावं लागतं. दुसरी जागा म्हणजे दुसरा शब्द नव्हे. ‘नेरूळ स्टेशनच्या पूर्वेला राहणारी माझी शाळेतली मैत्रीण’ एवढं सगळं मिळून पहिला डबा होऊ शकतो. इतकंच काय, ‘सोमवार आहे म्हणून’ हे अख्खं गौण वाक्यही पहिल्या डब्यात कोंबता येतं. त्याच्या पाठोपाठ क्रियापद ताठ बसलेलं असतं. पॉल दिदेरिक्सेन नावाच्या डॅनिश व्याकरणकारानं 1946 साली वाक्याचे असे कप्पेच आखून दिले. पुढचं अंगण, मधलं अंगण, मागचं अंगण. नॉर्वेजियन शिकवणारे अजून ते कोष्टक फळ्यावर काढतात. आमच्या शाळेत वाक्यपृथक्करणाचं कोष्टक होतं, तेही असंच मुलांच्या अंगावर यायचं. व्याकरणकार कोणत्याही देशातला असो, रेघा मारल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

आपल्या पिढीला हा प्रकार वाटतो तितका अनोळखी नाही. ‘नो सूनर डिड आय रीच द स्टेशन दॅन द ट्रेन लेफ्ट’. दहावीच्या पेपरात वाक्यरूपांतराला हमखास येणारं हे वाक्य आपण जीव तोडून पाठ केलं. ‘नो सूनर’ पुढं आलं की ‘डिड’ने ‘आय’च्या आधी का यायचं, हे आम्ही विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. क्रियापद दुसऱ्या जागी बसवण्याची ही जर्मानिक कुळाची जुनी खोड. जर्मन, डच, डॅनिश, स्वीडिश, नॉर्वेजियन यांनी ती सांभाळली. इंग्रजीनं सोडून दिली, पण कोपऱ्यात एक-दोन ठिकाणी धूळ खात राहू दिली. महाराष्ट्र बोर्डानं ती शोधून काढून आपल्या मुलांना मार्कांसाठी दिली.

कुळाची खोड म्हणावी तर आपल्या देशातही एक भाषा तीच खोड जपून आहे. काश्मिरी. हिंदी, मराठी, बंगाली, पंजाबी या आसपासच्या सगळ्या बहिणी क्रियापद शेवटी ठेवतात आणि काश्मिरी एकटी ते दुसऱ्या जागी आणते. कुठं ओस्लो, कुठं श्रीनगर. हे मी यांना सांगितलं तर म्हणाले, ‘‘दोन्हीकडे थंडी असते. काम लवकर उरकायचं असेल.’’ भाषाशास्त्र हे मान्य करणार नाही, पण याहून गोड कारण अजून मला कुणी सांगितलेलं नाही.

नॉर्वेजियनपुरतं मला दिसणारं कारण कंटाळवाणं असलं तरी पटण्यासारखं आहे. आपल्याकडे नामाच्या गळ्यात विभक्तीचा बिल्ला असतो. मांजरानं उंदीर पकडला, उंदीर मांजरानं पकडला, पकडला मांजरानं उंदीर. कसंही फिरवा, उंदराची सुटका नाही. ‘नं’ मांजराला चिकटलेला असल्यामुळं कोणी कोणाला धरलं याबद्दल शंका उरत नाही. नॉर्वेजियन नामांना असे बिल्ले नाहीत आणि क्रियापद तर कुणाचंच तोंड बघत नाही. मग शिकारी कोण आणि शिकार कोण हे जागेवरूनच ओळखायचं. जिथं ओळखपत्र नसतं, तिथं रांगेची शिस्त कडक असते.

आता ‘नाही’. नॉर्वेजियनमध्ये नकाराला ‘इक्के’ म्हणतात. ‘पो मानदागर स्पीसर यॅय इक्के फिस्क.’ सोमवारी मी मासे खात नाही. आमच्या घराच्या दृष्टीनं हे नॉर्वेजियनमधलं सर्वांत उपयोगी वाक्य, म्हणून मी ते सर्वांत आधी पक्कं केलं. त्यात दुसरी जागा क्रियापदाची, मग मी, मग इक्के. पण हेच कारण म्हणून सांगायचं असेल, ‘कारण मी मासे खात नाही’ असं, की ‘फोर्डी यॅय इक्के स्पीसर फिस्क’. इथं इक्के टुणकन उडी मारून क्रियापदाच्या पुढं जातं. मुख्य वाक्यात नकार क्रियापदाच्या मागं, गौण वाक्यात पुढं. नॉर्वेजियन माणूस सबब सांगायला लागला, की आधी नकार सांगतो आणि मग कशाला ते.

मराठी नकार हा वेगळ्याच मातीचा. तो शेवटच्या डब्याच्याही मागं लोंबकळत येतो. ‘‘रविवारी सकाळी सगळ्यांना घेऊन तुमच्याकडे जेवायला येणं काही...’’ इथपर्यंत यजमानीणबाईंनी मनात डाळ भिजत घातलेली असते. ‘‘...जमेलसं वाटत नाही.’’ नकार शेवटी येत असल्यामुळं बोलणाऱ्याला मोठी सोय होते. वाक्य सुरू करायचं, समोरच्याचा चेहरा वाचत जायचं आणि क्रियापदाच्या अलीकडे ठरवायचं, हो म्हणायचं की नाही. पुष्कळदा तर वाक्य तिथंच सोडून ‘‘बघू’’ म्हणायचं. नॉर्वेजियन माणसाला ही चैन नाही. दुसऱ्या जागेलाच त्याचं कृत्य उघडं पडलेलं असतं. आमच्या मजल्यावर एक निवृत्त चीफ इंजिनियर आहेत. नॉर्वेजियन जहाजांवर त्यांनी बरीच वर्षं काढली. ते सांगतात, तिथला कप्तान काम सांगायचा ते पहिल्या दमात सांगायचा, आपले लोक आधी हवापाणी, मग घरचं बरं आहे ना, आणि जाता जाता दारातून काम. दोष देण्यासारखं यात काही नाही. ज्याची क्रिया शेवटी येते, त्याला आधी बरंच काही बोलावंच लागतं.

तरीही मराठी क्रियापद शेवटीच बसतं म्हणून सांगणारा मास्तर (मीही त्यातलीच) एखाद्या सकाळी नेरूळ स्टेशनवर नेऊन उभा करावा. ‘‘आली, आली, गाडी आली!’’ ‘‘गेली बाई सात-बत्तीस!’’ ‘‘सरका हो पुढं!’’ ‘‘आला मोठा शहाणा!’’ ‘‘झालं कल्याण!’’ माणूस चिडला, घाबरला, सुटला, आनंदला, की मराठी क्रियापद शेवटचा डबा सोडून धावत इंजिनापाशी येतं. शांतपणे सांगायचं ते शेवटी, मनापासून सांगायचं ते आधी. आणि गाडीत बसल्यावर वरून जो आवाज येतो, ‘पुढील स्टेशन, नेरूळ’, त्यात तर क्रियापदच नाही. तरी सगळे बरोब्बर उठून दाराशी जातात.

नॉर्वेमध्येही नियमाला फाटा देणारं कोकण आहेच. उत्तरेकडच्या काही बोलींत ‘तुझं नाव काय’ विचारताना ‘का दू हैते’ असं म्हणतात. म्हणजे काय, तू, आणि मग क्रियापद. दुसरी जागा सोडून तिसरी. ‘मी’ला तर तिथं गावागणिक वेगळा शब्द. पुस्तकात ‘यॅय’, स्टावांगरला ‘एग’, उत्तरेला नुसताच ‘ॲ’. इवार आसेन नावाचा शेतकऱ्याचा मुलगा गावोगाव पायी फिरून अशा बोली गोळा करत राहिला. त्यानं 1848 मध्ये त्यांचं व्याकरण केलं आणि 1850 मध्ये कोश. त्यातून पुढं एक लेखी भाषाच उभी राहिली. म्हणून आज त्या देशात नॉर्वेजियन लिहिण्याच्या दोन अधिकृत रीती आहेत, बुकमोल आणि नीनोर्स्क. कोणती शिकायची असं मी लेकीला विचारलं. ती म्हणाली, ‘‘आई, तू आधी एक तर शीक.’’

शिकता शिकता एक नॉर्वेजियन गृहस्थ भेटले. पुस्तकातून भेटले. स्टेन कोनोव, जन्म 1867, ओस्लोला क्रिस्तियानिया म्हणत तेव्हाचे. ग्रियर्सन साहेबांनी हिंदुस्थानातल्या भाषांची जी पाहणी चालवली होती, तिचा सातवा खंड मराठीचा. 1905 साली निघालेला. तो तयार केला या कोनोव यांनी. पुण्या-मुंबईची मराठी तर त्यात आहेच, शिवाय कोळी, कुणबी, ठाकरी, वारली, सामवेदी अशा कोकणपट्टीतल्या बोली आहेत. आणि आगरी आहे. नवी मुंबई वसवणारी सिडको 1970 साली स्थापन झाली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून नेरूळ, शिरवणे, सारसोळे, करावे, दारावे ही आगरी-कोळ्यांची गावं इथं होती. आम्ही फ्लॅटवाले मागून आलो. मी नॉर्वेजियन क्रियापदापुढं बसले आहे याचं मला फार कौतुक वाटत होतं. ज्या भागात मी राहते तिथल्या बोलीचा अभ्यास एक नॉर्वेजियन माणूस शंभराहून अधिक वर्षांपूर्वी करून मोकळा झाला होता, आणि मला तिच्यात ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो यापलीकडे फारसं काही सांगता येत नव्हतं.

त्या पाहणीसाठी प्रत्येक बोलीत एकच गोष्ट लिहवून घेत. बायबलातली उधळ्या मुलाची. धाकटा मुलगा वाटणी घेऊन दूरदेशी जातो, पैसा उडवतो, हाल होतात आणि परत येतो. जिल्ह्याजिल्ह्यातून ती कागदावर उतरून येई. नेरूळच्या कुठल्याही सोसायटीत हा कथाभाग सहज समजतो. फक्त आमची मुलं दूरदेशी जाऊन पैसे उडवण्याऐवजी घराचे हप्ते फेडतात आणि परत यायचं तेवढं जमवत नाहीत. मला कोनोव यांची दुसऱ्याच कारणानं गंमत वाटते. जन्मापासून दुसऱ्या जागी क्रियापद ऐकलेला माणूस. त्याच्यापुढं मराठी वाक्यं. बाप भेटला, मुलगा भेटला, वाटणी भेटली, दूरचा देश भेटला, आणि झालं काय ते कळायला प्रत्येक वाक्याच्या टोकापर्यंत जायचं. त्या सातव्या खंडात किती टोकं गाठली असतील त्यांनी. पुढं ते सरकारी पुराभिलेखतज्ज्ञ म्हणून हिंदुस्थानात राहिले. शिलालेख वाचायला धीर लागतो. तो कुठून आला असेल, याबद्दल मराठीची शिक्षिका म्हणून माझा एक अंदाज आहे.

मला यातून सर्वांत आवडलं ते ‘मी’चं बसणं. नॉर्वेजियनमध्ये ‘मी’ गाळता येत नाही. वाक्यात तो हवाच. पण पहिल्या जागेवर दुसरं कुणी आलं की त्यानं निमूट उठून क्रियापदाच्या मागं जायचं. ‘आज’ आला, उठा. ‘नेरूळमध्ये’ आलं, उठा. मासा आला तरी उठा. मराठीत याच्या उलट. ‘मी’ कुठंही बसू शकतो, पण त्याची गरजच नसते. ‘‘येते हं.’’ ‘‘जेवलो.’’ ‘‘सांगितलं होतं.’’ कोण, हे क्रियापद आपल्या शेपटीत सांगून टाकतं किंवा घरच्यांना ठाऊक असतं. ‘मीपण सोडा’ म्हणून आपल्या संतांनी इतकी कीर्तनं केली, पण व्याकरणानं ते काम आधीच करून ठेवलं होतं. आपणच मग ‘मी स्वतः’, ‘मी म्हणजे’, ‘माझं मत विचाराल तर’ अशा डब्यांत भरून तो परत आणतो.

आता आमच्या नातवाची मराठी. तो यंदा शाळेत जाईल. तिथं मूल ज्या वर्षी सहा वर्षांचं होतं, त्या वर्षी त्याला शाळेत घेतात. तो फोनवर म्हणतो, ‘‘आजी, काल खाल्ला मी आंबा.’’ ‘‘उद्या जातो मी पोहायला.’’ ‘‘तिकडे आहे पाऊस?’’ लेक तिकडून कळवळते, ‘‘आई, बघ ना, याची सगळी मराठी नॉर्वेजियन होत चाललीये.’’ बरोबर आहे तिचं. क्रियापद प्रत्येक वेळी दुसऱ्या डब्यात, आणि प्रश्न विचारताना ‘का’ गायब. पण मराठीची शिक्षिका म्हणून मी ही वाक्यं पुन्हा पुन्हा तोंडात घोळवून पाहिली. काल खाल्ला मी आंबा. यात चूक कुठं आहे? आपण कोकणातल्या घरी असं बोललो असतो. थोडं लाडात, थोडं ठसक्यात. त्याचा क्रम नॉर्वेचा आहे, पण मराठीनं तो ‘ये, बस’ म्हणून आत घेतलेला आहे, आणि ‘आंबा’ पुल्लिंगी म्हणून ‘खाल्ला’ हे त्या पोरानं कुणी न शिकवता बरोबर धरलेलं आहे. उलट माझा मराठी क्रम नॉर्वेजियनमध्ये नेला, तर दारातच अडवतात. ‘ई दाग यॅय’ म्हटलं की समोरचा हसून, प्रेमानं, पण हमखास दुरुस्त करतो. ती भाषा वाईट नाही. तिच्याकडे बिल्ले नाहीत, म्हणून ती रांग मोडू देऊ शकत नाही. आपल्याकडे बिल्ले आहेत. पाहुण्याला हवं तिथं बसू देणं आपल्याला परवडतं.

म्हणून मी लेकीला सांगितलं, त्याचा क्रम दुरुस्त करू नकोस. लिंग, विभक्ती सांभाळ, बाकी त्याला बोलू दे. शाळेत असते तर मी हे कुठल्याही पालकांना सांगितलं नसतं, पण निवृत्त माणसाला थोडी शास्त्रबाह्य मतं बाळगायची सवलत असते. हे तर तेवढ्यावरही थांबले नाहीत. फोनवर नातवाशी बोलताना आता हेही म्हणतात, ‘‘आज पाहिली मी गाडी. बारा डब्यांची होती ती.’’ पुस्तक न उघडता नॉर्वेजियन आलेला हार्बर लाइनवरचा हा बहुधा एकटाच गार्ड.

सुट्टी लागली की नातू इथं येणार आहे. क्रियापद कुठं बसवायचं ते तो येऊन ठरवेल. कर्ता नक्की झाला आहे. कर्म तेवढं बाकी आहे, कारण पावसाळ्यात मासेमारी बंद असते आणि त्या दिवसांत पापलेटाचा भाव ऐकून माणसाच्या तोंडून एकच शब्द निघतो, आणि तो कोणत्याही भाषेत कुठंही चालतो. इक्के.